डब्ल्यूच्या पानावरचा सूड

त्या शब्दाच्या जागी मी तीन टिंबं दिली होती. समोरच्या वकिलाने नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं.

“मॅडम, ज़रा अनुवाद देखिए. ‘पोला के दूसरे दिन सीताराम द्वारा खोदी गई नाली … है.’ नाली क्या है? नाली तीन बिंदु है?”

सौंसर तहसीलच्या त्या खोलीत दहा-बारा माणसं होती. सगळी हसली. बाबू हसला. मीही हसलो, कारण सगळे हसत असताना एकट्याने गंभीर राहिलं की लोक आपल्याकडेच बघतात. तरी त्यांनी बघितलंच. कागदाच्या तळाशी माझी सही होती, गोल शिक्का होता आणि माझ्याच हाताने लिहिलेलं वाक्य होतं: हा अनुवाद मूळ कागदाशी शब्दशः जुळतो.

मी अनुवादक आहे. धंदा जुना, पण पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून दुकान कलेक्टोरेटच्या रस्त्यावर आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि चहावाल्याकडून घेतलेलं लाइटीचं कनेक्शन. आमच्या भागाची गंमत अशी की माणसं मराठी बोलतात, कचेरी हिंदीत चालते आणि आजोबांच्या पेटीतून निघणारे कागद इंग्रजीत असतात. या तिघांच्या मध्ये मी बसतो. प्रमाणित अनुवाद म्हणजे ज्याच्या खरेपणाची हमी अनुवादक स्वतः सही करून देतो तो. अशा सह्या मी दिवसाला आठ-दहा करतो. हमीचा विचार दरवेळी करतोच असं नाही.

हा कागद सुमनकाकूंचा. बोरगावच्या पुढे त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. मुलगा नागपूरला नोकरीत, नवरा गेलेला, बगीचा त्या एकट्या बघतात. बगीच्यातून डांबरी रस्त्यावर यायला एक पांधन आहे. पांधन म्हणजे दोन शेतांमधला बैलगाडीचा रस्ता. ही पांधन त्यांच्या लांबच्या चुलत दिराच्या, नानाजींच्या शेताच्या कडेने जाते. नानाजी स्वतः संत्र्याचे व्यापारी. यंदा काकूंनी बगीचा त्यांना न देता बाहेरच्या व्यापाऱ्याला दिला. आठ दिवसांत नानाजींनी जेसीबी आणून पांधनीत आडवी नाली खोदली. म्हणाले, पावसाचं पाणी काढायला खोदली, तिथे रस्ता कधी नव्हताच.

पटवाऱ्याने रिपोर्ट दिला: जागेवर चाकोरी दिसते, जुना पुरावा नाही. तहसील कोर्ट अशा प्रकरणात एवढंच बघतं की पूर्वीपासून वहिवाट होती का. आणि काकूंकडे जुना पुरावा एकच होता. इंग्रजाच्या काळातल्या एका साहेबाचा हुकूम. टिनाच्या पेटीत होता. वरचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला, शिक्का मात्र शाबूत. खाली दोन वाक्यं उरली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सीतारामने खोदलेली नाली ही रीकफुल नाली आहे. त्याने ती बुजवावी आणि पुन्हा खोदू नये.

सीताराम म्हणजे नानाजींचा आजा. नालीची जागा तीच. प्रश्न फक्त त्या एका शब्दाचा होता. मला तो येत नव्हता. माझ्या टेबलावरच्या डिक्शनरीत तो नव्हता. दुपारची वेळ, बाहेर तीन गिऱ्हाइकं बसलेली. मी टिंबं दिली आणि शिक्का मारला.

“बोलिए,” मॅडम म्हणाल्या. नायब तहसीलदार मॅडम रीवाकडच्या. बदलून येऊन सहाच महिने झाले होते. “इस शब्द का अर्थ क्या है?”

मी खिशातून मोबाइल काढला. उशिरा सुचलेलं शहाणपण. मोबाइलने सांगितलं: सूडाने भरलेला, हा शब्द आता वापरात नाही.

“बदले की भावना से भरा हुआ, मॅडम.”

वकिलानेही मोबाइल काढला. “मेरे में तो तोड़फोड़ दिखा रहा है. टूटी हुई नाली. नाली खराब बनी थी, साहब ने कहा भर दो. बात खत्म. रास्ते का कहीं नाम नहीं है.”

मॅडमनी दोन्ही मोबाइल बघितले. “दो मोबाइल, दो अर्थ. फाइल में मैं मोबाइल नहीं लगा सकती. कोई मानी हुई किताब लाइए, छपी हुई. अगली पेशी मंगल को. उस दिन फैसला होगा.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “और अनुवादक जी, आप भी आइए.”

बाहेर आल्यावर सुमनकाकू लिंबाखाली थांबल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“भाऊ, येत नव्हता तो शब्द त सांगाचं न मले.”

“चुकलं, काकू.”

“अंबिया बहार गळून राहिला. रोज सकाळी झाडाखाली सडा पडते. व्यापारी म्हणते, आठ दिवसांत गाडी आत गेली त ठीक, नाही त मी दुसरा बगीचा पाहतो. डोक्यावर टोपले नेऊ का मी साऱ्या बगीच्याचे?”

“पुस्तक आणतो मी.”

“कुठून?”

हा प्रश्न चांगला होता. अशी किताब या पंचक्रोशीत एकाच माणसाकडे होती, आणि त्याच्या घरासमोरून जाताना मी बारा वर्षं गाडीचा वेग वाढवत होतो.

वानखडे सर. आमच्या शाळेचे हेडमास्तर, आता निवृत्त. त्यांच्याकडे दोन खंडांचा जुना इंग्रजी कोश आहे. एकेक खंड पायलीभर गव्हाच्या वजनाचा. कुठल्याशा परीक्षेच्या तयारीसाठी मी त्यातला पहिला खंड नेला होता. परीक्षा राहिली आणि खंडही राहिला. सुरुवातीला लाज वाटली म्हणून परत दिला नाही. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली.

सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले नाहीत.

“ये, दिनकर. पहिला भाग आणला?”

नमस्कार नाही, बस नाही. बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

“सर, एक शब्द पाहाचा होता. डब्ल्यूमधला.”

“म्हणजे दुसऱ्या भागातला.”

“हो.”

“तुह्यं इंग्रजी ए पासून एम पर्यंत चांगलं असन. एनपासून पुढचं माह्या कपाटात आहे. पहिला भाग आण, दुसरा घेऊन जा.”

“सर, फक्त एक पान. इथंच पाहतो, फोटो काढतो.”

“तेव्हाही तू एकच आठवडा म्हणाला होता.”

मी काकूंचं सांगितलं, गळून राहिलेल्या अंबियाचं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाईवर अन्याय होऊन राहिला, खरं आहे. मंग तू इथं काहून बसला? जा, घेऊन ये.”

पांढुर्ण्याला परत आलो. शनिवार होता, जामसांवलीच्या मारुतीच्या फाट्यावर गाड्यांची रांग. त्या रांगेत उभ्या उभ्या मी आठवायचा प्रयत्न केला की तो खंड घरात नेमका आहे कुठे. मग आठवलं.

तो गव्हाच्या कोठीवर होता. झाकण सैल होतं, उंदीर शिरायचे, म्हणून बायकोने वजन ठेवलेलं. मी उचलायला गेलो तर ती आडवी आली.

“ते कुठे नेऊन राहिले?”

“सरांचं आहे. परत द्यायचं आहे.”

“बारा वर्षांनी? आणि कोठीवर काय ठेवू? उंदरांना इंग्रजी येत नाही, पण त्या पुस्तकाले भितात ते.”

कोठीवर वरवंटा ठेवला. खंड ओल्या फडक्याने पुसला. कापडी पुठ्ठ्यावर तांब्याच्या बुडाचं एक वर्तुळ उमटलं होतं, ते काही गेलं नाही. रविवारी सकाळी सरांपुढे दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. त्यांनी त्या वर्तुळावरून बोट फिरवलं.

“हे काय होय?”

“सर, ते घरात वापरात होतं.”

“दिसते. तुझ्यापेक्षा बायकोनं जास्त वापरलं.” मग त्यांनी हाक मारून चहा सांगितला. बारा वर्षांचा विषय तिथे संपला. कपाटातून दुसरा खंड आला. त्यावर बोटाचा सुद्धा डाग नव्हता.

शब्द सापडला. डब्ल्यूच्या अगदी मागच्या पानांत. तो डब्ल्यू उच्चारात मुका असतो हे मला तिथेच कळलं; तोवर मी मनात ‘व्रीकफुल’ म्हणत होतो, हे सरांना सांगितलं नाही. अर्थ छापलेला होता: सूडबुद्धीचा, सूडाने भरलेला. पुढे जुना शब्द असल्याची खूण. मला तेवढंच पाहिजे होतं. मी मोबाइल काढून फोटो घेऊ लागलो तर सरांनी हात धरला.

“वकील म्हणते ना, तोडफोड? मंग पुरं वाच. नाही त पुन्हा पकडला जाशीन.”

मग तासभर त्यांनी मला शिकवलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ हाकणं, ढकलणं, बाहेर काढणं. ढोर हाकावं तसं माणसाला हाकायचं. ज्याला हाकलून दिलं, गाव सोडायला लावलं, त्याला म्हणायचे रेच. आज त्याच शब्दाचा अर्थ दीनवाणा, अभागी. गाव सुटलेला माणूस दुसरा कसा असणार? समुद्राने हाकत हाकत किनाऱ्यावर आणून टाकलेलं जे फुटकं जहाज, ते रेक. वकिलाची तोडफोड ती इथली. आणि पोटातला राग दुसऱ्याच्या अंगावर हाकायचा, म्हणजे सूड उगवायचा, ते रीक. राग पोटात गच्च भरला की रीकफुल. चारेकशे वर्षांपूर्वी कवी लोकांनी तो भरपूर वापरला, मग सोडून दिला. आज फक्त ‘हाहाकार माजवणे’ या अर्थाच्या ‘रीक हॅवक’ या इंग्रजी वाक्प्रचारात त्यातला रीक तेवढा जिवंत आहे.

“म्हणजे वकिलाचा शब्द आणि आपला शब्द भाऊबंद आहेत,” मी म्हणालो.

“एकाच धुऱ्याचे, एकाच बांधाचे. म्हणून त भांडण,” सर म्हणाले. “आणि तो साहेब कविता वाचणारा असन. नाही त इंग्रजाच्या काळातही सरकारी कागदात हा शब्द कोणी लिहीत नव्हतं.”

मंगळवारी मी दुसरा खंड कापडात बांधून तहसीलमध्ये नेला. सरांनी तो दिला, पण माझ्या हातात नाही. सुमनकाकूंच्या हातात. “यांच्या नावावर देऊन राहिलो,” म्हणाले.

खोली भरलेली होती. तीन टिंबांची बातमी पसरली असावी. नानाजी पांढरा सदरा घालून पुढच्या बाकावर, शेजारी वकील. मॅडमनी आधी मलाच उभं केलं.

“पहले यह बताइए, बिंदु क्यों दिए?”

मी शुद्धिपत्र आणलं होतं. शुद्धिपत्र म्हणजे आपल्याच कागदातली चूक कबूल करणारा दुसरा कागद. त्यात मी ‘टंकनदोषामुळे’ असं लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचून माझ्याकडे बघितलं, आणि मला ते पुढे रेटवेना.

“मॅडम, टाइप की गलती नहीं है. मुझे शब्द आता नहीं था. पूछने में शर्म आई.”

यावेळी कोणी हसलं नाही. मॅडमनी शुद्धिपत्र परत माझ्याकडे सरकवलं. “यही लिखिए. हाथ से.” मी उभ्या उभ्या लिहिलं. त्या दिवसातलं ते सर्वात कठीण काम होतं. त्याच्यापुढचं सगळं उतारावर होतं.

पान उघडलं. अर्थ वाचला. मग सरांनी सांगितलेला सगळा इतिहास मी सांगितला: ढोर, हाकलणं, गाव सुटलेला माणूस, किनाऱ्याला लागलेलं जहाज. जहाजापर्यंत आलो तेव्हा मॅडम घड्याळ बघत होत्या.

“अनुवादक जी, जहाज़ रहने दीजिए. नाली पर आइए.”

“नाली बदला लेने के लिए खोदी गई थी, मॅडम. किताब में साफ है. और जो वकील साहब बता रहे हैं, वह इसी खानदान का दूसरा शब्द है, यह शब्द नहीं.”

वकील उठला. हुशार माणूस. त्याने पान वाचलं आणि लगेच पवित्रा बदलला. “ठीक है. माना बदला. पर रास्ता कहाँ लिखा है? अपने खेत में गुस्से से नाली खोद ली होगी.”

इथे माझं ज्ञान संपलं. पान संपलं, कोश संपला. सुमनकाकू मागून बोलल्या.

“मॅडम, आपल्याच वावरात खोदून कोनी सूड घेते का? दुसऱ्याचं काही अडलं त सूड. कोनाचं काहीच अडलं नाही त तो नुसता खड्डा.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हिंदी केली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बदला किस बात का था? किसी को पता है?”

“कागद में लिखा है, पोला के दूसरे दिन,” मी म्हणालो. “मॅडम, यहाँ पोला में बैलों की जोड़ियाँ तोरण के नीचे खड़ी रहती हैं. पहले मान की जोड़ी निकलती है, तब पोला फूटता है. उसके पहले कोई दूसरी निकल गई, तो समझिए इज़्ज़त गई.”

“हाव,” सुमनकाकू म्हणाल्या, “आणि त्या साली आमची जोडी पहिली निघाली होती. साऱ्या गावाले माहीत आहे.”

आत्तापर्यंत नानाजी एक शब्द बोलले नव्हते. वकिलाने तसं बजावलंच असणार. पण या वाक्याला ते ताडकन उठले.

“पहिली निघाली काहून म्हणते? घुसवली! पोया फुटाच्या आधी घुसवली तुह्या आजेसासऱ्यानं! मान आमचा होता! आजही आमचाच आहे!”

“नानाजी, बसा,” वकील म्हणाला.

“काहून बसू? म्हणून त आमच्या आज्यानं नाली खोदली! दिवाळीपर्यंत कापसाची एक बंडी निघू नाही दिली त्याईची! बंड्या उभ्याच राहिल्या पांधनीत!”

वकिलाने डोळे मिटून घेतले. नानाजी छाती काढून उभे होते. आपण काय बोललो यापेक्षा मान परत मिळाला याचंच त्यांना जास्त वाटत असावं.

मॅडमना मराठी येत नव्हती, पण चेहरे वाचता येत होते.

“अनुवादक जी. इन्होंने क्या कहा? शब्दशः बताइए. एक भी बिंदु नहीं.”

सत्तावीस वर्षांच्या धंद्यात इतक्या चवीने मी एकही अनुवाद केलेला नाही. घुसवलेली जोडी, मान, आजा, नाली, दिवाळी, कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या. आणि सगळ्यात शेवटी, जरा थांबून, पांधन. “पांधन याने रास्ता, मॅडम. इन्होंने खुद कहा, गाड़ियाँ रास्ते में खड़ी रहीं.” बाबू लिहून घेत होता. मी त्याच्यासाठी दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

मॅडमनी नानाजींना विचारलं, “सही है?”

“एक एक अक्षर सही है,” नानाजी म्हणाले.

फैसला त्याच दुपारी झाला. रस्ता पूर्वीपासूनचा, वहिवाट सिद्ध. नाली तीन दिवसांत बुजवावी. नानाजींच्या पावसाच्या पाण्यासाठी रस्त्याखालून पाइप टाकावा, म्हणजे त्यांचीही तक्रार राहणार नाही. गुरुवारी पाइप पडला आणि नाली बुजली. शुक्रवारी सकाळी व्यापाऱ्याची पिकअप पांधनीतून आत गेली. मी बघायला गेलो होतो. मला तिथे काही काम नव्हतं, पण गेलो. सुमनकाकूंनी ड्रायव्हरला सांगितलं, “हॉर्न वाजव.” त्याने वाजवला. त्या म्हणाल्या, “अजून.” नानाजींच्या शेतापासून बगीच्यापर्यंत तो वाजवतच गेला. भरून परत निघाली तेव्हाही वाजवला. वानखडे सरांना मी फोन लावून तो आवाज ऐकवला. ते म्हणाले, “दुसरा भाग कुठे आहे?”

या प्रकरणातून धंद्यापुरता एक धडा घेतला. शब्द आला नाही तर ‘शब्द समजला नाही’ असं लिहायचं आणि त्याखाली सही करायची. तीन टिंबांपेक्षा जागा जराशी जास्त लागते. गिऱ्हाईक जरा वेळ तोंडाकडे बघतं. तेवढं सोसायचं.

शनिवारी सुमनकाकू संत्र्याचं एक क्रेट घरी ठेवून गेल्या. संध्याकाळी मी बायकोला सगळा खटला पुन्हा सांगितला. ढोरापासून जहाजापर्यंत, घाई न करता, आणि नानाजी उठून उभे राहिले तो भाग मी स्वतः उभा राहून करून दाखवला. ती संत्रं सोलत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने क्रेटमधली अर्धी संत्री एका पिशवीत भरली आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली.

“हे नानाजीच्या घरी नेऊन द्या. तुम्ही नेले त तो ठेवून घेईन. त्या बाईनं नेले त अजून एक नाली खोदन.”